चिऱ्याच्या भिंती आणि तीन राउटर: जुन्या घरात वायफाय कसं बसवावं, कसं राखावं

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीला आमच्या घरात सतरा माणसं जमली होती आणि सतराच्या सतरा सोप्यावर दाटीवाटीने बसली होती. शेजारच्या काकूंना वाटलं, केवढा हा एकोपा! खरं कारण असं की राउटर सोप्यावर होता आणि मधलं दार ओलांडलं की फोनवरच्या दांड्या गळून पडायच्या. पुण्याहून आलेल्या चुलतभावाने ऑफिसची मीटिंग गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभं राहून उरकली. मागच्या पडवीतून दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, “रेंज ना रे!”

त्यानंतर घरात आणखी दोन राउटर आले. पहिल्या महिन्यात त्यांनी सुधारण्यापेक्षा बिघडवलंच जास्त. प्रिंटर सकाळी सापडायचा, संध्याकाळी गायब. टीव्हीला नेट, लॅपटॉपला नाही. त्या गोंधळातून एक गोष्ट नीट कळली, ती आधीच सांगतो: घरात राउटर कितीही असोत, कर्ता एकच असावा. पत्ते वाटणं, बाहेरचं दार राखणं ही कामं एकाची. बाकीच्यांनी फक्त रेंज पसरवायची.

आधी भिंती ओळखा

गोव्यातल्या अंत्रुजातलं आमचं घर जुन्या बेताचं आहे. दर्शनी सोपा, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, भोवती खोल्या, मागे पडवी आणि न्हाणी, वर माडी. भिंती चिऱ्याच्या, दीड-दीड फुटांच्या. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. म्हणून मे महिन्यात जेमतेम चालणारी खोली जुलैत पूर्ण बंद पडली, तर राउटरला शिव्या देऊ नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर विटांची आतली भिंत फारशी त्रास देत नाही. तिथे काँक्रीटचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रिज हे खरे अडसर. माडीवर पत्रे घातले असतील तर पत्र्यापलीकडे लहर जवळजवळ जातच नाही.

कुठलीही खरेदी करण्याआधी तासभर घर फिरा. एखादा अँड्रॉइड फोन घ्या (आयफोनवर ही अॅप नीट चालत नाहीत), वायफाय मोजणारं कुठलंही मोफत अॅप टाका आणि खोलीखोलीत उभे राहून आकडा कागदावर लिहा. आकडा उणे असतो, एकक डीबीएम. उणे ५० म्हणजे राउटरशेजारी बसल्यासारखं. उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो. उणे ७५ ला मेसेज जातात, पण चित्र अडखळतं. उणे ८० च्या खाली सोडून द्या. दर १० आकड्यांना शक्ती एक दशांश होते, म्हणून उणे ६० आणि उणे ७० मधला फरक दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा.

आमच्याकडे सोप्यावर उणे ४२, राजांगणाच्या कडेला उणे ५८, आणि मधली भिंत ओलांडून कोठीच्या खोलीत थेट उणे ८१. एका भिंतीने एवढं खाल्लं. पण त्याच खोलीत राजांगणाकडच्या उघड्या खिडकीसमोर उभं राहिलं की तोच आकडा उणे ६६. या घरात लहरी भिंतींतून जात नाहीत, अंगणातून जातात. कागदावर हे दिसलं तेव्हा दुसऱ्या राउटरची जागा आपोआप ठरली.

दोन पट्ट्यांचा फरकही इथेच समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब पोचते, भिंत बरी पार करते, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण चिऱ्यापुढे हात टेकते. वरचे आकडे दोन्ही पट्ट्यांसाठी वेगवेगळे घ्या.

रिपीटर, मेश की वायर?

दुकानात विचारलंत तर बहुधा भिंतीत खोचायचा रिपीटर हातात देतील. तो स्वस्त आहे, आणि दोन खोल्यांच्या घराला पुरतोही. पण एकाच पट्टीवर चालणारा रिपीटर ऐकतोही तिथेच आणि बोलतोही तिथेच, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय माणसं तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. त्यालाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, आकडा उणे ६५ च्या आत असेल तिथे.

मेशचा संच म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे. मांडणी सोपी, नाव एकच, मोबाइलवरून चालवता येतो. पण ते डबेही आपसात हवेतूनच बोलत असतील तर चिऱ्याची भिंत त्यांनाही सोडत नाही. राजांगणासारखी मोकळी जागा असेल तर दोन डबे समोरासमोरच्या खिडक्यांत ठेवा.

माझं मत विचाराल तर वायर. एकदाच कटकट, मग निवांत. मेश घेतला तरी त्याचे डबे वायरीने जोडा. आणि वायर असेल तर महागडा मेश नसला तरी चालतं. कपाटात पडलेला जुना राउटरसुद्धा कामाला येतो, फक्त त्याला अजून अपडेट मिळतात का ते पाहून. त्याबद्दल पुढे.

वायर ओढताना

कॅट ६ प्रतीची नेटवर्कची (लॅन) केबल घ्या. कॅट ५ई असली तरी १ गिगाबिटला पुरते. दोन्हींची मर्यादा १०० मीटर, घराला भरपूर. फसवणूक होते ती तांब्यात. स्वस्त केबलमध्ये आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढुरकी चमक दिसली की परत द्या. आपल्या दमट, खाऱ्या हवेत असल्या तारांचे जोड लवकर खराब होतात.

केबल माळ्यावरून न्यायची तर पीव्हीसी पाइपातूनच, नाहीतर उंदीर पहिल्याच पावसाळ्यात फडशा पाडतील. विजेच्या वायरींच्या पाइपात घालू नका. टोकांना आरजे ४५ प्लग लावताना दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळं जोडून झाल्यावर वेग ९४-९५ मेगाबिटलाच अडकला, तर आठपैकी चारच तारा लागल्या आहेत किंवा एखादा पोर्टच (केबल खोचायचं भोक) १०० मेगाबिटचा आहे, असं समजा.

आता विजेचं. मृगाआधीच्या आणि दसऱ्याच्या सुमारासच्या गडगडाटात गोव्यात किती टीव्ही आणि मोडेम जातात हे दुरुस्तीवाल्याला विचारा. मी कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पंपघराच्या खोलीपर्यंत साधी लॅन केबल झाडांवरून नेली होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी समोरच्या डोंगरावर वीज पडली, आमच्यावर नव्हे, तरी दोन्ही टोकांचे पोर्ट गेले. मुख्य राउटर चालू, चारपैकी एकच भोक मेलेलं! दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल नेऊच नये. तिथे फायबर न्या आणि दोन्हीकडे फायबर आणि लॅन केबल जोडणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर लावा. काच वीज वाहत नाही. मात्र बाहेरच्या फायबर केबलला आधारासाठी लोखंडी तार असते, ती घराबाहेरच तोडायला सांगा. आणि गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लगही काढा, लॅन केबलही काढा.

एकाला कर्ता करा

इंटरनेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्याला ओएनटी म्हणतात. बहुतेकदा त्यातच राउटर असतो. तोच कर्ता ठेवायचा की स्वतःचा चांगला राउटर, हे आधी ठरवा. स्वतःचा ठेवायचा असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला, म्हणजे त्यातला राउटर बंद करायला, कंपनीला सांगा आणि लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या. लँडलाइन फोनही त्याच डब्यावर असेल तर ब्रिजनंतर तो चालेल ना, हे आधी विचारा. ही भानगड नको असेल तर ओएनटीलाच कर्ता राहू द्या, काही बिघडत नाही. दोघेही कर्ते राहिले तर मात्र दुहेरी पत्तेवाटप होतं. नेट चालतं, पण गेम, कॅमेरे, प्रिंटर रुसतात.

समजा ओएनटी कर्ता आहे. फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’, म्हणजे कर्त्या राउटरचा पत्ता, पाहा. आमचा १९२.१६८.१.१ आहे. आता दुसरा राउटर, अजून कुठेही न जोडता, नुसता विजेवर लावा. क्रम महत्त्वाचा आहे. मी उलटा केला होता म्हणून सांगतो.

१. लॅपटॉप केबलने फक्त याच राउटरला जोडा आणि त्याच्या तळाशी छापलेल्या पत्त्यावर जाऊन आत शिरा. मेनूत ‘ऑपरेशन मोड’ आणि त्यात ‘अॅक्सेस पॉइंट’ (फक्त रेंज पसरवणारा) असा पर्याय असेल तर तो निवडा, सेव्ह करा, आणि थेट चौथ्या पायरीवर या.

२. तो पर्याय नसेल तर ‘लॅन’ मध्ये जाऊन या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. बहुतेक राउटर कारखान्यातून सारखाच पत्ता घेऊन येतात. एका वाड्यात एकाच क्रमांकाची दोन घरं असली तर पोस्टमनने काय करावं? सेव्ह केल्यावर पान अडकल्यासारखं दिसेल, कारण राउटर नव्या पत्त्यावर गेलेला असतो. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा.

३. आता ‘डीएचसीपी सर्व्हर’ बंद करा. पत्ते वाटणं ते हेच. आमचा प्रिंटर हरवत होता तो यामुळेच: दोन राउटर पत्ते वाटत होते. आधी हे बंद करून मग पत्ता बदलायला गेलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि तुम्ही बाहेर अडकता.

४. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच, अक्षरन् अक्षर, ठेवा. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल या राउटरच्याही लॅन पोर्टमध्ये घाला. वेगळ्या रंगाच्या, बाहेरून नेट घेणाऱ्या वॅन पोर्टमध्ये नाही. अॅक्सेस पॉइंट मोड असलेल्यांत मात्र बहुधा वॅन पोर्टही चालतो.

तिसऱ्याला १९२.१६८.१.३ द्या आणि हेच पुन्हा करा. मुख्य राउटरची पत्तेवाटपाची कक्षा १०० ते २०० अशी ठेवा, म्हणजे २ आणि ३ हे पत्ते चुकून एखाद्या पाहुण्याच्या फोनला जाणार नाहीत.

चॅनेल, म्हणजे पट्टीतला मार्ग, हा छोटा विषय आहे. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे तीनच: १, ६ आणि ११. तिघांना एकेक वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, आणि तिसरा पहिल्यापासून लांब असेल तर त्यालाही ३६.

फोन जुन्या राउटरला का चिकटतो?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. सोप्यावरून पडवीत आलो, डोक्यावर राउटर आहे, तरी फोन सोप्याच्याच राउटरला धरून बसलेला. कारण राउटर बदलायचा निर्णय फोन घेतो, राउटर नाही. रेंज बरीच पडेपर्यंत, म्हणजे उणे सत्तरीच्या घरात जाईपर्यंत, बहुतेक फोन हलतच नाहीत.

माणसं यावर प्रत्येक राउटरची शक्ती वाढवतात. करायला हवं ते नेमकं उलटं. ‘ट्रान्समिट पॉवर’ मधे ‘मीडियम’ करा, विशेषतः २.४ ची. दोन राउटरांची हद्द एकमेकांवर थोडीच चढली पाहिजे. आमच्याकडे सोप्याच्या राउटरची शक्ती कमी केल्यावर पडवीतला फोन झटकन बदलू लागला. मेनूत ८०२.११के, व्ही, आर असे, फोनला राउटर बदलायला मदत करणारे, पर्याय दिसले तर के आणि व्ही चालू करा. आर ने काही जुनी उपकरणं जोडलीच जात नाहीत. चालू करून दोन दिवस पाहा.

कुलूप सगळ्यांना

मुख्य राउटरला लोक बरं कुलूप लावतात. पडवीतला जुना राउटर मात्र ‘अॅडमिन, अॅडमिन’ वर वर्षानुवर्षं उघडा. पुढच्या दाराला अडसर आणि मागचं न्हाणीचं दार सताड! २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या नुसत्या वापरून पाहत. म्हणून पहिलं काम: तिन्ही राउटरांचे अॅडमिन पासवर्ड बदला, आणि ते वायफायच्या पासवर्डहून वेगळे ठेवा.

दुसरं, डब्ल्यूपीएस बंद. राउटरवरचं ते बटण, ज्याने पासवर्डशिवाय जोडता येतं. त्याचा आठ आकडी पिन दिसायला दहा कोटींतला एक. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो: आधी चार आकडे, मग उरलेले तीन. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, एकूण ११,००० प्रयत्नांत कुलूप खलास. ही चूक २०११ साली उघड झाली. आमच्या घरी डबा बसवून गेलेल्या मुलाने हे चालूच ठेवलं होतं. मला दीड वर्षाने कळलं.

तिसरं, सुरक्षेचा प्रकार, म्हणजे वायफायवरचा संवाद कुठल्या पद्धतीने गुप्त ठेवायचा ते. डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कच्च्या पद्धतींशिवाय जे उपकरण चालत नाही, ते उपकरणच बाद करा.

चौथा, पासवर्ड. इथे माणसं हमखास घसरतात, घरातला मोबाइल नंबर ठेवतात. डब्ल्यूपीए२ मध्ये चोराला तुमच्या फाटकाबाहेर थांबावं लागत नाही. फोन राउटरला जोडला जातानाचा संवाद तो एकदा टिपतो आणि घरी जाऊन संगणकावर अंदाज लावत बसतो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडा: कोकम, घुबड, पायरी, लोटा, बुधवार, या धर्तीवर. हेच वापरू नका, आता छापून आलेत. अक्षरं ८ ते ६३ चालतात, वीसच्या वर जा. कुलदेवतेचं नाव आणि जन्मसाल नको; अर्ध्या वाड्याचा तोच पासवर्ड आहे.

मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ (बाहेरून राउटर चालवणं) बंद, ‘यूपीएनपी’ (उपकरणांनी परस्पर बाहेरचं दार उघडणं) बंद. वायफायचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या ओळख-क्रमांकांची) यादी ठेवणं यांत वेळ घालवू नका. नाव लपवलं तरी नेटवर्क अॅपमध्ये दिसतंच, आणि आजकालचे फोन आपला मॅक पत्ता स्वतःच बदलतात, त्यामुळे त्या यादीने चोर नाही, आईच बाहेर राहते.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट तिन्हींचं करा. कंपनीने ज्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलंय, तो राउटर कितीही चांगला चालत असला तरी काढा. माझ्या मते जुना राउटर फुकट मिळाला ही बचत नव्हेच, जर त्याला अपडेट मिळत नसेल.

पाहुण्यांचं वायफाय

घरातली एखादी खोली पर्यटकांना देणारे आता अंत्रुजातही बरेच आहेत. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, हवंच. नेटवरून काही गैर झालं तर चौकशी प्रथम कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. पासवर्ड नसलेलं उघडं वायफाय तर कधीच ठेवू नका.

एक मेख आहे, जी कोणी सांगत नाही. मुख्य राउटरचं गेस्ट नेटवर्क पाहुण्यांना घरच्या उपकरणांपासून तोडतं. पण अॅक्सेस पॉइंट केलेल्या दुसऱ्या राउटरवर तेच चालू केलं, तर अनेक मॉडेलांत ते नावापुरतंच गेस्ट असतं, कारण केबल तर घरच्याच नेटवर्कला जोडलेली. तपासणं सोपं आहे. गेस्टवर फोन जोडा आणि १९२.१६८.१.१ उघडून पाहा. लॉगिनचं पान आलं, तर तुमचा पाहुणा स्वयंपाकघरापर्यंत आलेला आहे.

पाहुण्यांची खोली लांब असेल तर काही जण तिथे वेगळा राउटर कर्ता म्हणूनच लावतात आणि वाटतं, झालं वेगळं. ते फसवं आहे. आतल्या राउटरमागे बसलेल्याला बाहेरच्या राउटरवरची उपकरणं दिसतात, बाहेरच्याला आतली दिसत नाहीत. म्हणजे पाहुणे आत आणि आपण बाहेर, अगदी उलटी मांडणी. खरा इलाज व्हीलॅन (एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्क) किंवा वायरीने जोडलेला मेश, ज्यात बहुतेक मॉडेलांत गेस्ट सगळ्या डब्यांवर खरंच वेगळं राहतं. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, स्मार्ट बल्ब, टीव्ही हेही गेस्टवरच टाका.

वीज, मुंग्या आणि कागद

वीज गेली की तिन्ही राउटर एकदम बंद. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचूनच घ्या. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. सोप्यावरच्या यूपीएसने पडवीतला राउटर चालत नाही, प्रत्येकाला वेगळा लागतो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा राउटर उचलून मागची भोकं बघा. गेल्या श्रावणात माडीवरचा राउटर सारखा बंद पडत होता. झाकण उघडलं तर आत उबेला आलेल्या मुंग्यांनी पांढऱ्या अंड्यांचा थर लावलेला, अगदी चिपवर. ब्रशने झाडलं, दिवसभर पंख्याखाली ठेवलं, पुन्हा सुरू झाला.

आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. वर तीन पत्ते, कोणता राउटर कुठे, कोणती केबल कुठल्या भोकात. खाली मोठ्या अक्षरांत क्रम: नेट गेलं तर तिन्ही बंद करायचे, आधी फायबरचा डबा लावायचा, त्याच्यावर लाल दिवा राहिला तर कंपनीला फोन, हिरवा झाला तर दोन मिनिटं थांबून बाकीचे दोन. मी पणजीला कामावर असताना आई हे स्वतः करते. परवा फोन आला, “तांबडो दिवो आसा, हांवें फोन केला,” आणि ठेवूनही दिला.